दिव्याखालचा अंधार : रात्रीच्या शहराची छायाचित्रे आणि उजेडाला घातलेला आवर

छायाचित्रणाचा इतिहास सांगण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. एक पद्धत यंत्रांच्या अंगाने जाते : कोणता कॅमेरा कधी आला, काचेची जागा फिल्मने केव्हा घेतली, फिल्मची जागा आकड्यांनी केव्हा घेतली. दुसरी पद्धत थोर छायाचित्रकारांच्या नामावळीची. या दोहोंच्या मध्ये तिसरा एक इतिहास दडलेला असतो आणि तो अडचणींचा असतो. एखाद्या कलेला एखाद्या काळी काय जमत नव्हते, त्या न जमण्यावर कोणी कोणते उपाय शोधले आणि त्या उपायांची पुढे रूढी कशी झाली, हा तो इतिहास. साहित्याच्या अभ्यासकांना तो अपरिचित वाटू नये. यमकाच्या अडचणीतून कवीला कधी कधी प्रतिमा सापडते, आणि रंगमंचावर दाखवता येत नाही म्हणून नाटककार निवेदकाकडून युद्ध सांगवतो, हे आपण वर्गात शिकवतच असतो.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका अडचणीचा मागोवा घेणार आहोत. रात्रीच्या शहराचे छायाचित्र घेताना दिव्यांच्या अतितेजाला आवर कसा घालायचा, ही ती अडचण. वरवर पाहता हा प्रश्न कारागिरीचा आहे, आणि छायाचित्रणाच्या पाठ्यपुस्तकांत तो त्याच सदरात येतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतील त्याची उत्तरे क्रमाने पाहिली, तर प्रत्येक उत्तराने रात्रीच्या शहरातले कोण दिसावे आणि कोणी अंधारात राहावे, हेही ठरवलेले आढळते. म्हणून हा इतिहास छायाचित्रकारांपुरता ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१. अडचणीचे स्वरूप

डोळा आणि कॅमेरा यांत एक मूलभूत भेद आहे. रस्त्यावर उभा असलेला माणूस आधी दिव्याकडे पाहतो, मग दिव्याखालच्या फाटकाकडे, मग फाटकाआडच्या काळोखाकडे. प्रत्येक वेळी त्याची बाहुली लहानमोठी होते, मेंदू त्या त्या जागेशी जुळवून घेतो आणि या तीन पाहण्यांचे मिळून एक दृश्य मनात उभे राहते. कॅमेऱ्याला मात्र एकाच मापाने सारे पाहावे लागते. पेटलेला दिवा हा त्याच्याच उजेडात दिसणाऱ्या फरसबंदीपेक्षा हजारो पटींनी तेजस्वी असतो. उलट छापील कागदावरचे सर्वांत पांढरे आणि सर्वांत काळे यांतले अंतर शंभर पटींच्या आसपास असते. म्हणजे रात्र कागदावर उतरवायची तर कोठेतरी काहीतरी गमवावेच लागते. काळोखातले तपशील हवे असतील तर दिवा पांढऱ्या डागासारखा फुटतो, आणि दिव्याचा आकार राखायचा तर बाकी सारे शहर काळोखात बुडते.

काचेच्या प्लेटच्या काळात या अडचणीला आणखी एक जोड होती. प्लेटच्या दर्शनी बाजूला चांदीच्या क्षारांचा संवेदनक्षम थर असे. दिव्याचा तीव्र प्रकाश हा थर भेदून काचेत शिरे, काचेच्या पाठीमागच्या पृष्ठभागावर आपटून परत फिरे आणि मूळ बिंदूच्या भोवतालचा थर मागच्या बाजूने जाळून टाकी. परिणामी प्रत्येक दिव्याभोवती एक खोटे तेजोवलय उमटे. छायाचित्रकार याला ‘हॅलेशन’ म्हणतात. उपाय घरगुती म्हणावा असाच होता. जाळलेल्या साखरेचा पाक, त्यात तांबूस-तपकिरी मातीचा रंग, असे मिश्रण प्लेटच्या पाठीला फासायचे. आरपार गेलेला उजेड ते शोषून घेई. फोटो काढून झाल्यावर, डेव्हलप करण्यापूर्वी, हा लेप पुसून टाकायचा. पुढे फिल्म आल्यावर अशी उजेड शोषणारी योजना कारखान्यातच फिल्मला जोडली जाऊ लागली.

या काळाच्या आसपास दोन महत्त्वाचे शोध लागले. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या इंग्लंडमधील दोन रसायनतज्ज्ञांनी १८९० मध्ये प्लेटवर पडणारा प्रकाश आणि तिच्यावर साचणारा काळेपणा यांचा संबंध एका वक्ररेषेने दाखवला. ही रेषा मध्ये सरळ चढते, पण दोन्ही टोकांना वाकते. वरच्या टोकाच्या वळणाला छायाचित्रकार ‘खांदा’ म्हणतात. प्रकाश कितीही वाढला तरी तेथे निगेटिव्ह एकदम हार मानत नाही, हळूहळू दमते. फिल्मवरच्या दिव्यांना जी मऊ कड असते तिचे हे एक कारण. दुसरा शोध खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड याचा. ताऱ्यांची तेजस्विता छायाचित्रांवरून मोजताना १९०० च्या सुमारास त्याने दाखवून दिले की मंद प्रकाशात वेळ दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, तो कमीच भरतो. रात्रीच्या रस्त्याच्या दृष्टीने याचा अर्थ क्रूर आहे. दिवा आपला ठसा पुरेपूर उमटवतो आणि काळोखातली भिंत मात्र मिनिटामिनिटाला मागे पडत जाते. जो आधीच उजेडात आहे त्याला जास्त मिळते आणि जो अंधारात आहे त्याला त्याच्या वाट्याचेही मिळत नाही. रसायनशास्त्राचा हा नियम सामाजिक रूपक म्हणून कोणी रचला असता तर तो अतिरंजित वाटला असता.

२. ओल्या रात्रीची रूढी

रात्रीच्या शहराचे पहिले सलग आणि गाजलेले काम पॉल मार्टिन याचे. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये लाकडी ठशांवर कोरीवकाम करणारा हा कारागीर. १८९५-९६ मध्ये त्याने गॅसच्या दिव्यांतील लंडनची मालिका घेतली, आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने तिचा पदक देऊन गौरव केला. या मालिकेतील चित्रे पाहताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते. रस्ते ओले आहेत. अटलांटिकपलीकडे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रात्रीची चित्रे घ्यायला सुरुवात केली. त्याच्या १८९६-९७ च्या एका प्रसिद्ध चित्राच्या नावातच ‘प्रतिबिंबे’ आहेत. हॉटेलासमोरचे दिवे पावसाने भिजलेल्या रस्त्यावर लांबच लांब उतरले आहेत. १८९८ च्या दुसऱ्या चित्रात पाऊस नाही, पण त्याच्या जागी बर्फ आहे.

आज आपण हे पाहून म्हणतो, केवढी काव्यमय रात्र! भिजलेला रस्ता, विरघळलेले दिवे, एकाकीपणा. ही काव्यमयता खरीच आहे. पण तिचा उगम मनोवृत्तीइतकाच मोजमापात आहे, हे आम्हांस येथे अधोरेखित करावयाचे आहे. कोरडा रस्ता रात्री काळाच उमटतो, त्याच्याकडून प्लेटला काहीही मिळत नाही. रस्ता ओला झाला की तोच दिव्यांचा आरसा होतो आणि चित्राच्या खालच्या अर्ध्या भागातली पोकळी उजेडाने भरते. बर्फ हेच काम अधिक समतोलपणे करतो. धुके तर दोन्ही कामे एकदम करते. ते दिव्याचे तेज पसरवून त्याची धार बोथट करते आणि तोच पसरलेला उजेड काळोखात नेऊन वाटते. दिवा आणि काळोख यांतली दरी निसर्गाने परस्पर कमी करून दिली, तर छायाचित्रकाराचे काम सोपे होते. म्हणून ते पावसाची वाट पाहत.

एकदा रूढी पडली की तिचे मूळ कारण विसरले जाते आणि अर्थ तेवढा उरतो. गुन्हेगारी विश्वावरील कृष्णधवल चित्रपटांत रात्रीचे रस्ते नेहमी ओले असतात. १९४९ च्या ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटातील व्हिएन्नाच्या गल्ल्या पाणी मारून भिजवलेल्या आहेत, आणि त्याचे छायालेखक रॉबर्ट क्रॅस्कर यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळाले. पावसाळी रात्र म्हणजे संशय, विरह, शहरी परकेपणा, हे समीकरण आपल्या कथाकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांपर्यंत येऊन पोचले आहे. ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र अर्थनिर्णय करताना, प्रतिमेच्या जन्मात माध्यमाच्या गरजेचा वाटा किती होता, एवढे तरी विचारले जावे.

या काळातली दुसरी युक्ती काळाशी खेळणारी होती. कॅमेरा तिपाईवर पक्का करून संध्याकाळी, आकाशात थोडा उजेड असताना, एक लहानसे एक्स्पोजर द्यायचे. मग भिंगावर टोपी घालायची, कॅमेरा जराही न हलवता थांबायचे, आणि दिवे लागून पुरती रात्र झाली की त्याच प्लेटवर दुसरे एक्स्पोजर द्यायचे. इमारतींच्या कडा संध्याकाळच्या, दिवे रात्रीचे. असे चित्र पाहताना आपण एक क्षण पाहत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन वेळा एकावर एक रचलेल्या असतात, आणि मधल्या वेळात रस्त्यावरून जे गेले त्यांची नोंद कोठेच नसते. निवेदनातील काळाचा विचार करणाऱ्यांनी या चित्रांकडे अवश्य पाहावे.

३. ज्यांना स्थिर उभे राहणे परवडत नव्हते

माणसांच्या नोंदीचा प्रश्न छायाचित्रणाच्या जन्मापासूनचा आहे. दाग्येर याने १८३८ मध्ये घेतलेल्या पॅरिसच्या एका रुंद रस्त्याच्या चित्रात वर्दळ पुसली गेली आहे. दिसतो तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस. ते तर दिवसाचे चित्र. रात्री, दीर्घ एक्स्पोजरमध्ये, चालता माणूस उरतच नाही, आणि जाणारी घोडागाडी तिच्या दिव्याच्या रेषेपुरती शिल्लक राहते. स्टीग्लिट्झला हे सलत होते. १८९८ मध्ये त्याने रात्रीच्या चित्रात जिवंत माणसे कशी आणता येतील यावर लेख लिहिला, आणि एक्स्पोजर मिनिटाभराच्या आसपास आणून उभ्या व्यक्ती चित्रात टिपण्याचे प्रयोग केले. तरीही मिनिटभर उभा राहील असा माणूस म्हणजे रात्री कामावर नसलेला माणूस. हमाल, रस्ते झाडणारा, घाईने घरी निघालेली गिरणीतली बाई यांना हे मिनिट परवडण्यासारखे नव्हते.

याच न्यूयॉर्कमध्ये याच दशकाच्या आरंभी अगदी विरुद्ध मार्गाने काम झाले होते. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त झगझगीत चूर्णाचा शोध लागला. डेन्मार्कहून आलेला पोलीस-वार्ताहर जेकब रीस याने ते चूर्ण घेऊन गरिबांच्या चाळी आणि रात्रनिवारे गाठले. १८९० मध्ये त्याचे ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रीसने दिव्याला आवर घालण्याचा प्रश्नच बाजूला सारला आणि स्वतःचा दिवा नेला. पाच सेंट देऊन झोपायची जागा मिळवलेल्या बेयर्ड स्ट्रीटवरील माणसांच्या चित्रात त्याचा परिणाम दिसतो. खोलीचा कोपरान् कोपरा उघडा पडला आहे आणि अवचित जागे झालेल्या माणसांचे डोळे उजेडाने दिपले आहेत. या चित्रांनी गृहसुधारणेच्या चळवळीला बळ दिले, हे निर्विवाद. परंतु त्यांत रात्र नाही. त्या खोलीत एरवी उजेड किती असे, कोठून येत असे, त्या काळोखात माणसे कशी राहत, हे रीसच्या उजेडाने पुसून टाकले. ज्या दारिद्र्याचा पुरावा गोळा करायचा होता, त्यातला काळोख हाही एक पुरावा होता.

या दोन टोकांमधला मार्ग शोधला ब्रासाई याने. त्याचे मूळ नाव ग्युला हलास. १८९९ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो या गावी तो जन्मला आणि गावाच्या नावावरून त्याने टोपणनाव घेतले. १९२४ मध्ये तो पॅरिसला आला. १९३२ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या ‘पारी द न्वी’, म्हणजे ‘रात्रीचे पॅरिस’, या पुस्तकात साठांहून अधिक चित्रे आहेत. प्रस्तावना पॉल मोराँ याची. पुस्तकाची छपाई गडद शाईच्या ग्राव्ह्यूर पद्धतीची होती, त्यामुळे त्यातला काळा रंग मखमलीसारखा उतरला आहे.

ब्रासाईची पद्धत साधी आणि विचारपूर्वक ठरवलेली होती. लहानसा प्लेट कॅमेरा, तिपाई आणि दोन डझनांच्या आसपास प्लेटा. वजनामुळे यापेक्षा अधिक नेता येत नसत, म्हणून प्रत्येक चित्र आधी मनात पक्के करावे लागे. वेळ तो सिगारेटवर मोजी. एका ब्रँडची सिगारेट जळून संपेपर्यंत एका प्रकारच्या उजेडाचे एक्स्पोजर, आणि अधिक काळोख असेल तर अधिक जाड सिगारेट. दिव्याच्या बाबतीत त्याने ठरवले होते की दिवा शक्यतो सरळ भिंगासमोर येऊ द्यायचा नाही. खांब, झाडाचे खोड, भिंतीचा कोपरा, पुतळा, कशाच्या तरी आड तो ठेवायचा, म्हणजे त्याचे काम दिसेल पण तो स्वतः दिसणार नाही. १९३२ च्या धुक्यातल्या मार्शल ने याच्या पुतळ्याच्या चित्रात उजेड पुतळ्याच्या पाठीमागून येतो आणि तलवार उगारलेली आकृती काळी होऊन समोर उभी राहते. दुसऱ्या एका चित्रात उतरत्या गल्लीत गटाराच्या पाण्याची नागमोडी रेघ तेवढी चमकते आहे. दिवा कोठे आहे हे पाहणाऱ्याला पाण्यावरून कळते.

या आडोशाचा एक परिणाम विशेष महत्त्वाचा आहे. दिवा लपला की लांब एक्स्पोजर देता येते, आणि तसे ते दिले की काळोखात उभी असलेली माणसे हळूहळू प्लेटवर जमू लागतात. कोपऱ्यावर उभी वेश्या, बाकावर झोपलेला बेघर, गॅसचा दिवा विझवणारा माणूस. ब्रासाई त्यांच्याशी बोलत असे, त्यांना क्षणभर स्थिर राहायला सांगत असे. म्हणजे त्याचीही चित्रे काही अंशी मांडलेली आहेत, आणि हे लपवण्याचे कारण नाही. फरक इतकाच की तेथे ज्या उजेडात ती माणसे रोज जगत होती त्याच उजेडात ती दिसतात, आणि तो उजेड किती अपुरा होता हेही चित्रातच वाचता येते.

४. दिवे विझलेले शहर

ब्रासाईच्या पुस्तकाच्या प्रभावाखाली बिल ब्रँट याने १९३८ मध्ये लंडनच्या रात्रीचे पुस्तक काढले. त्यातली काही चित्रे दिवसा घेऊन छापताना काळी केली होती, हे आता अभ्यासकांना ठाऊक आहे. अतितेजाचा प्रश्न टाळण्याचा तोही एक मार्ग. पण पुढच्याच वर्षी इतिहासाने ब्रँटला एक विलक्षण संधी दिली. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये संपूर्ण दिवाबंदी लागू झाली. बाँबफेकी विमानांना वाट दिसू नये म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे.

ज्या दिव्यांशी छायाचित्रकार चार दशके झगडत आले होते, ते दिवेच आता नव्हते. ब्रँट पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री लंडनमध्ये फिरला आणि केवळ चंद्रप्रकाशात, कितीतरी मिनिटांची एक्स्पोजरे देऊन, त्याने घरांच्या रांगा आणि चर्चचे घुमट टिपले. या चित्रांत कोठेही पांढरा डाग नाही. छतापासून फरसबंदीपर्यंत एकच राखाडी, समतोल उजेड. तंत्राच्या दृष्टीने ही रात्रीच्या शहराची सर्वांत निर्दोष चित्रे म्हणावी लागतील, आणि त्याच वेळी ती सर्वांत भयप्रद आहेत. कारण मानवी वस्तीची खूण म्हणून आपण ज्या तेजाकडे पाहतो, तेच त्यांत नाही. शहरातली रात्र म्हणजे विषम उजेड. ती विषमता संपली की जे उरते ते शहर राहत नाही, ओसाड भूदृश्य होते. ब्रँटच्या चित्रांनी हे नकळत सिद्ध केले.

५. विहीर आणि बेरीज

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशग्राही उपकरणाची कल्पना मांडली. त्यासाठी २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. या उपकरणाच्या प्रत्येक बिंदूत उजेडामुळे विद्युतभार साठतो, आणि त्या साठ्याला अभियंते ‘विहीर’ असेच म्हणतात. विहीर काठोकाठ भरली की ती ओसंडते, आणि जुन्या कॅमेऱ्यांत हा भार शेजारच्या विहिरींत शिरून दिव्याच्या वरखाली पांढरी रेघ ओढी. पुढे ओसंडलेला भार वाहून नेणारे पाट काढले गेले. पण मूळ स्वभाव बदलला नाही. फिल्मला वाकणारा खांदा होता, विहिरीला सरळ काठ आहे. काठापर्यंत सर्व मोजले जाते, काठावर काहीच नाही. आठ बिटांच्या नेहमीच्या चित्रात तो काठ म्हणजे २५५ हा आकडा. तो गाठला की दिव्याचा आकार, रंग, काचेवरची धूळ, सारे एकाच सपाट पांढऱ्यात जमा होते आणि ते परत मिळवण्याचा उपाय नसतो.

म्हणून जुना नियम उलटा झाला. निगेटिव्हच्या काळी काळोखासाठी उजेड मोजत आणि दिव्याला डेव्हलपिंग आखडते घेऊन सावरत. आता दिवा वाचेल इतकाच उजेड घ्यायचा आणि काळोख नंतर वर खेचायचा. याच्या जोडीला जुनीच एक युक्ती नव्या वेषात आली. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी एकाच दृश्याची वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे एकत्र करून त्यातील खऱ्या तेजाचा नकाशा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. संध्याकाळी एक आणि रात्री एक एक्स्पोजर देणाऱ्यांची ही वंशजच. खिशातल्या फोनने ती आणखी पुढे नेली. गूगलच्या फोनमधील पद्धत मुद्दाम कमी उजेडाची अनेक चित्रे भराभर घेते, म्हणजे एकाही चित्रात दिवा फुटत नाही, आणि मग त्यांची बेरीज करून काळोखातला तपशील उभा करते.

२०१८ मध्ये याच कंपनीने रात्रीच्या छायाचित्रणाची खास सोय आणली, तेव्हा अभियंत्यांपुढे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. काळोख इतका उजळता येऊ लागला की रात्रीचे चित्र दिवसासारखे दिसू लागले. पाहणाऱ्याला ही रात्र आहे हे कळावे कसे? त्यांनी स्वतःच नमूद केले आहे की उत्तरासाठी ते चित्रकारांकडे वळले. अठराव्या शतकातील जोसेफ राइट ऑफ डार्बी याच्या दिव्याभोवतीच्या चित्रांचा त्यांनी दाखला दिला, आणि काळोखाच्या छटा मुद्दाम पुन्हा गडद केल्या. ही घटना आम्हांस फार बोलकी वाटते. सर्व काही दाखवण्याची ताकद हाती आल्यावर यंत्र बनवणाऱ्यांनाही काय न दाखवायचे हे ठरवावे लागले. फरक हा की ब्रासाई ते एकेका चित्रापुरते, एकेका गल्लीत उभा राहून ठरवत असे. आता ते कोट्यवधी चित्रांसाठी एकदाच, कारखान्यात ठरते.

गंमत अशी की ज्या तेजोवलयाला घालवण्यासाठी प्लेटच्या पाठीला जळक्या साखरेचा लेप दिला जाई, ते आज विकत मिळते. चित्रपटाच्या फिल्मवरील उजेड शोषणारा काळा थर काढून ‘सिनेस्टिल’ या नावाने ती विकली जाते, आणि दिव्यांभोवती उमटणारी लालसर वलये हेच तिचे आकर्षण आहे. दोषाला अलंकाराचे स्थान मिळण्याची प्रक्रिया आपल्याला भाषेच्या इतिहासातूनही परिचित आहे.

६. आपल्यापुढचा प्रश्न

हे सर्व साहित्याच्या विद्यार्थ्याने का वाचावे? आमच्या मते, छायाचित्र आता इतिहासाचे आणि साहित्याचे साधन झाले आहे म्हणून. महानगरीय जाणिवेवरचा प्रबंध लिहिताना आपण जुनी छायाचित्रे पुराव्यादाखल जोडतो, पण संहितेला लावतो ती चिकित्सा त्यांना लावत नाही. रात्रीच्या चित्रापुढे निदान तीन प्रश्न ठेवले पाहिजेत. यातला उजेड कोणाचा आहे, रस्त्याचा की छायाचित्रकाराचा? यात किती वेळ साठलेली आहे? आणि दिवा वाचवण्यासाठी कोण गमावले, की माणसे दिसावीत म्हणून दिवा गमावला?

तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे. शहरातला उजेड कधीच समान वाटलेला नव्हता. कोणत्या रस्त्यावर दिवे आधी आले, कोणत्या वस्तीत ते आलेच नाहीत, कोणाच्या दारापुढचा दिवा महिनोन् महिने बंद राहिला, हा नागरी इतिहासाचा गाभ्याचा भाग आहे. रात्रीच्या जुन्या छायाचित्रात, त्याच्या सर्व दोषांसकट, ही विषमता पांढऱ्या आणि काळ्या रंगात नोंदलेली राहते. फुटलेला दिवा आणि बुडालेली गल्ली मिळून एक विधान करतात. बेरजेने घडवलेल्या चित्रात दिवा सौम्य होतो, गल्ली उजळते, आणि दोघांमधली दरी बुजते. चित्र देखणे होते, पण त्या गल्लीत संध्याकाळनंतर पाय टाकताना माणसाला काय वाटत असेल, हे त्यातून कळेनासे होते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण ज्या अनुभवातून आली, तो अनुभवच चित्रातून वजा होतो.

दिवेही बदलत आहेत. २०१५ मध्ये केंद्र सरकारने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी एलईडी बसू लागले. मुंबईत त्याच वर्षी मरीन ड्राइव्हच्या ‘क्वीन्स नेकलेस’वर पांढरे दिवे लागले तेव्हा मोठा वाद झाला आणि पुढे पिवळसर छटेकडे परत वळावे लागले. वाद सौंदर्याचा होता, आणि तो केवळ समुद्रकिनाऱ्यावरच्या माळेपुरता झाला. आतल्या गल्ल्यांतला पिवळा उजेड विनातक्रार गेला. कित्येक दशके या महाराष्ट्रातल्या शहरांची रात्र ज्या रंगाची होती, त्या रंगाची नोंद आता घराघरांतल्या, वृत्तपत्रांच्या कपाटांतल्या आणि हौशी छायाचित्रकारांच्या निगेटिव्हजमध्ये तेवढी उरली आहे.

मराठीने या कलेला ‘छायाचित्रण’ म्हटले. पाश्चात्त्य शब्दाचा अर्थ प्रकाशलेखन असा होता, आणि ‘प्रकाशचित्र’ हा शब्दही आपल्याकडे घडला, पण रुळला तो ‘छाया’ असलेला शब्द. संस्कृतात छाया म्हणजे सावली, तशीच कांती आणि प्रतिबिंबही. रात्रीच्या शहराच्या चित्राला हे तिन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. आपल्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी आपापल्या गावच्या अशा जुन्या रात्रींची चित्रे गोळा करावीत, आणि प्रत्येकाखाली स्थळकाळाबरोबर उजेडाचीही नोंद करावी, अशी आमची सूचना आहे : कोणता दिवा, किती वेळ, चौकटीबाहेर काय राहिले. फोनवरच्या चित्रांची सरमिसळ होण्यापूर्वी हे काम झाले, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली महानगरी कविता शिकवताना तिच्यातल्या दिव्यांचा रंग कोणता होता हे तरी आपल्याला सांगता येईल.